नवतप्यातली चार मिनिटं

सोमवारपासून नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागतोय. नागपुरात ही गोष्ट कॅलेंडर बघून सांगावी लागत नाही. सकाळी सातलाच गच्चीच्या जिन्याचा कठडा हाताला चटका देतो, टाकीचं पाणी दुपारी अंघोळीपेक्षा चहाला बरं वाटतं, आणि रस्त्यावरची माणसं दुपट्ट्यात तोंड गुंडाळून अशी फिरतात की सख्खा भाऊ शेजारून गेला तरी ओळखू येऊ नये. आम्ही नागपूरकर या उन्हाची तक्रार आणि त्याचा अभिमान एकाच वाक्यात उरकतो. मला मात्र गेली सहा वर्षं या नऊ दिवसांची धास्ती वाटते. उन्हाची नाही.

परवा उमरेडहून एका बाईंचा फोन आला. रामदासपेठेतल्या दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसलेल्या कुणीतरी त्यांना माझा नंबर दिला होता. त्यांच्या यजमानांना माझ्या बाबांचाच आजार झालाय. "ताई, त्याइचा फक्त डाव्या हाताचा अंगठा चालते आता," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडं बोलाची मशीन हाये म्हणे." मी हो म्हणाले. फोन ठेवल्यावर कपाटासमोर जाऊन नुसतीच उभी राहिले. आईनं ती मशीन तिच्या जुन्या सुती पातळात गुंडाळून वरच्या कप्प्यात ठेवली होती, आणि सहा वर्षांत आमच्यापैकी कुणीही ती गाठ सोडली नव्हती.

मशीन म्हणजे एक जाडजूड काळा लॅपटॉप आणि त्याला वायरीनं जोडलेली लाकडाची एक पट्टी. पट्टी आमच्या मागाची. मी दहावीत जाईपर्यंत आमच्या पुढच्या खोलीत हातमाग होता. खोलीत माग होता म्हणण्यापेक्षा मागाभोवती थोडी खोली होती. बाबा त्यावर लुगडी विणायचे. पायाखालच्या पट्ट्या दाबल्या की दोरे वरखाली व्हायचे, मधून आडवा दोरा घेऊन धोटा पळायचा, आणि त्या खटखटाटात मी पाढे पाठ करायचे. मग लुगडी नेसणाऱ्या बायका कमी झाल्या, माग निघाला, आणि बाबा महाल भागातल्या एका कापड दुकानात इतरांनी विणलेलं कापड मोजून द्यायला लागले. मागातलं एवढं एक लाकूड त्यांनी ठेवून घेतलं होतं. का, ते कधी सांगितलं नाही.

माग चालू असताना त्यांची एक रीत होती. सकाळी बसले की मागाला हात लावून नमस्कार, आणि मग धोटा न फेकता पट्टी एकदा नुसतीच दाबायची. रात्रभरात दोरे सैल पडलेले असतात, एखादा तुटलेला असतो. पहिल्या दाबात ते दिसतं. "आधी एक रिकामी मार," मला मांडीवर घेऊन ते सांगायचे. "माग जागा झाला का पाह्य. मंग काम." ती रीत माझ्या अंगात इतकी भिनली की मी पॉलिटेक्निकच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला लागले तेव्हाही कुठल्याही कीबोर्डवर पहिलं बटण रिकामंच दाबायची. मुलं हसायची. मी म्हणायची, आमच्या घरची पद्धत आहे.

बाबांचा आजार नसांचा होता. मेंदू हुकूम देतो, पण तो पोचवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. आधी जीभ जड झाली, मग हात गेले, मग मान. डोकं शेवटपर्यंत लख्ख. एकदा दुपारी आई त्यांचे पाय चेपत असताना ओरडली नाही, नुसती मला बोलावून म्हणाली, "उजवा पाय हालते वं याइचा. चांगला हालते." खरंच, घोट्यापासून पुढचा उजवा पाय त्यांच्या हुकमात होता. तीस वर्षं पट्टी दाबलेला पाय. आजारालाही बहुधा तो उपटायला वेळ लागत होता.

मी एका माउसचं पोट उघडून ते बटणासकट त्या लाकडी पट्टीखाली बसवलं. लॅपटॉपवर अक्षरांचा एक तक्ता उघडायचा. पट्टी एकदा दाबली की तक्त्यातल्या ओळी एकामागून एक उजळायला लागत. हवी ती ओळ आली की दुसरा दाब, हवं ते अक्षर आलं की तिसरा. तीन दाबांना एक अक्षर. मग बाबा अर्धं मिनिट विसावा घेत. वाक्य पुरं झालं की लॅपटॉप ते वाचून दाखवायचा. त्याचा आवाज शिष्ट, बातम्या सांगितल्यासारखा, आणि त्या आवाजात "मले पाणी पाह्यजे" ऐकताना आई पदर तोंडाला लावायची. "तुहे बाबा पुण्याले जाऊन आले वाटते," ती म्हणायची. बाबांच्या डोळ्यांत हसू यायचं. चार महिन्यांच्या मुकेपणानंतर आमच्या घरात पुन्हा भांडण, फर्माईश, थट्टा सगळं सुरू झालं, फक्त फार सावकाश. बाबांनी पहिलं लांब वाक्य लिहिलं ते आईसाठी होतं. वरणात हिंग कमी आहे, असं.

आणि मग तो उन्हाळा आला. आमच्या गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरनं एप्रिलातच मान टाकली, आणि तो दुरुस्त झाला तरी रोज दुपारी बाराच्या सुमाराला लाईन जायला लागली. दीड तास, कधी पावणेदोन. इन्व्हर्टर होता, पण त्यावर पहिला हक्क बाबांच्या श्वासाच्या यंत्राचा आणि पंख्याचा. लॅपटॉपला स्वतःच्या बॅटरीवर जगायचं होतं आणि ती तासाभरात संपायची. जरीपटक्याच्या बाजारात जाऊन मी दुसरी बॅटरी आणली. तिनं दहा मिनिटं वाढवून दिली. म्हणजे भर दुपारी, घरात फक्त आई असताना, बाबा अर्धाएक तास मुके व्हायचे. मी तेव्हा परीक्षांच्या ड्यूटीवर कॉलेजात. घरी आले की आई सांगायची, "आज काहीतरी म्हणत होते आन् मशीन बंद पडली." काय म्हणत होते ते बाबा नंतर सांगत नसत. तहानेची गोष्ट तहान गेल्यावर कोण सांगतं?

तेव्हा मी ठरवलं की लॅपटॉपचा कर्नलच नवा बांधायचा. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला कारभारी. कुणाला काम द्यायचं, कुणाला वीज द्यायची, कुणाला गप्प बसवायचं, हे सगळं तो ठरवतो. लिनक्समध्ये हा कारभारी आपल्याला हवा तसा घडवता येतो. निळ्या पडद्यावर एक राखाडी चौकट उघडते आणि प्रश्न विचारायला लागते. हे पाहिजे का? ते पाहिजे का? हो, नाही. हजारो प्रश्न. मी दोन आठवडे सकाळी पाच ते आठ ती चौकट उघडून बसले. या लॅपटॉपला कधी लागणार नव्हतं ते सगळं काढून टाकलं. काम नसताना प्रोसेसर सेकंदाला शेकडो वेळा उगाच जागा होत होता, ते बंद केलं. पडद्याचा उजेड, पंख्याचा वेग, डिस्कचं फिरणं, सगळ्याला लगाम घातला.

प्रत्येक बदलानंतर नवा कर्नल बांधायला त्या म्हाताऱ्या लॅपटॉपला दोन तास लागायचे आणि तो तव्यासारखा तापायचा. म्हणून मी तो स्टुलावर ठेवून बाबांच्या खाटेशेजारी कूलरसमोर सरकवायची. "त्याले काहून कूलर?" आई विचारायची. "मले नाई मिळत इतका." कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास, पडद्यावरून झरझर वर जाणाऱ्या ओळी, आणि बाबा त्या ओळींकडे टक लावून बघताहेत. एके दिवशी त्यांनी लिहिलं, "ताणा भरल्यासारखं दिसते." उभे दोरे मागावर चढवायला बाबांना दोन-दोन दिवस लागत. मला एवढा आनंद झाला की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच पाणी प्यायले.

मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात बॅटरी दोन तास वीस मिनिटं चालली. लाईन पावणेदोन तासांवर कधी गेलीच नव्हती. तिथं थांबायला हवं होतं. पण मला मिनिटांची चटक लागली होती. पॉवर मॅनेजमेंटचं सगळं शास्त्र एका गोष्टीवर उभं आहे: जे कामात नाही त्याला झोपवा. आणि कामात नाही हे ओळखायचं कसं? तर जे हलत नाही ते. मी हे वर्गात कितीदा शिकवलं होतं. शेजारच्या खाटेवर माझा बाप हलत नव्हता आणि तो सतत कामात होता, हे रोज बघूनही मला त्या नियमात काही खटकलं नाही. नवतप्याच्या आदल्या रविवारी मी आणखी एक गोष्ट बदलली. यूएसबीच्या वायरीनं जोडलेलं काहीही पाच सेकंद गप्प राहिलं, की झोपेल. चार मिनिटं वाढली. दोन तास चोवीस.

बदल नीट चालतो का ते मी तपासलं. कसं? पट्टीवर हात ठेवला, एक रिकामी मारली, आणि मग पटापट दाबून "बाबा" लिहिलं. उत्तम. सोमवारी मी कॉलेजात गेले.

त्या संध्याकाळी आई दारातच म्हणाली, "आज बोलून नाई राहिले." मी पट्टी काढून हातानं तपासली: एक रिकामी, मग बाकीच्या. चालत होती. पुन्हा बाबांच्या पायाखाली ठेवली आणि आम्ही दोघी तक्त्याकडे बघत बसलो. एकही ओळ उजळली नाही. बाबा तक्त्याकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा तक्त्याकडे. कपाळावर घाम आला होता आणि तो उन्हाचा नव्हता. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. रामदासपेठेतल्या डॉक्टरांना फोन केला. ते हळू आवाजात म्हणाले, पायही एक दिवस जाणारच होता, तुम्हाला कल्पना दिली होती. दिली होती. मी चादर सरकवून त्या पायाकडे बघण्याचंही धाडस केलं नाही. मशीन ठीक आहे हे मी स्वतः तपासलं होतं, म्हणजे बिघाड माणसात.

शुक्रवारी बाबांनी तक्त्याकडे बघणं सोडलं. शनिवारी मी लॅपटॉपचं तोंड भिंतीकडे फिरवलं, त्यांना त्रास नको म्हणून. बाहेर ऊन असं होतं की कावळासुद्धा बोलत नव्हता. आई खाटेशी बसून त्यांना काहीबाही सांगायची, शेजारणीच्या कुरडया कशा बिघडल्या वगैरे, आणि मध्येच सवयीनं थांबायची, उत्तराला वेळ द्यावा तशी. मग पुढं बोलायची. त्या थांबण्याचा मला राग यायचा. आता वाटतं, त्या घरात तेव्हा फक्त तिलाच शहाणपण होतं.

नवव्या दिवशी, मंगळवारी, दुपारी चारला मी घरी होते. खिडक्यांना ओली पोती, खोलीत अंधार. आई काशाच्या वाटीनं बाबांचे तळवे घासत होती. उन्हाळ्यात अंगातली उष्णता उतरावी म्हणून आमच्याकडे तूप लावून तळपायाला काशाची वाटी फिरवतात. तळवा काळा होत जातो आणि माणसाला झोप लागते. आईनं डावा पाय उरकला, उजवा घेतला, आणि तिचा हात थांबला.

"ढकलून राहिले वं," ती म्हणाली.

"काय?"

"वाटी ढकलून राहिले. इकडं ये."

मी वाटी बाजूला करून माझा तळहात त्या तुपकट तळव्याला लावला. थोडा वेळ काही नाही. मग एक दाब. स्वच्छ, पुरता, ओळखीचा. मी लहानपणी या पायावर उभी राहून झोके घेतलेत, मला त्याचं वजन माहीत होतं.

मी पळत जाऊन लॅपटॉप चालू केला आणि पट्टी पायाखाली ठेवली. अंधार होता म्हणून दिसलं. माउस चालू असला की त्याच्या पोटात तांबडा दिवा असतो. पट्टीच्या फटीतून तो दिसायला हवा होता. दिसत नव्हता. बाबांनी पट्टी दाबली. दिवा लागला. तक्ता मात्र ढिम्म. पाच सेकंदांनी दिवा पुन्हा विझला. अर्ध्या मिनिटानं बाबांनी पुन्हा दाबलं, पुन्हा दिवा लागला, पुन्हा विझला. तेव्हा मला कळलं. पाच सेकंदांत माउस झोपत होता, आणि बाबांचा दाब त्याला उठवण्यातच खर्च होत होता. उठल्यावर त्यानं दुसरा दाब ऐकला असता, पण बाबांचा दुसरा दाब येईपर्यंत तो पुन्हा झोपलेला असायचा. आणि मी? मी दर वेळी एक रिकामी मारून त्याला आधी उठवत होते, मग पटापट पुढचं. बाबांनी शिकवलेल्या रीतीनं तपासत होते, म्हणून मला कधी चूक दिसलीच नाही. बाबांकडे रिकामी मारायला ताकदच उरलेली नव्हती. त्यांचा प्रत्येक दाब कामाचा होता आणि नऊ दिवस मी तो प्रत्येक दाब गिळला.

एक ओळ बदलायची होती. लॅपटॉप पुन्हा सुरू व्हायला मिनिटभर लागलं, आणि ते मिनिट मी भिंतीकडे बघून काढलं. मग बाबांनी पट्टी दाबली आणि तक्त्याच्या ओळी चालायला लागल्या. आई रडली नाही. ती हात पुसत पुढं आली आणि तिनं विचारलं, "इतके दिवस काय म्हणून राहिले होते?"

उत्तराला बराच वेळ लागला. आम्ही दोघी थांबलो. शेवटी त्या शिष्ट आवाजानं वाचलं, "काही नाई. पाय हाये का पाहून राहिलो होतो."

मी खाटेच्या पायथ्याशी बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. चूक माझी, तुमचा पाय कुठंच गेला नव्हता. माझ्यानं वर बघवत नव्हतं. नऊ दिवस एक माणूस स्वतःच्या शेवटच्या हलत्या अवयवाचं सुतक पाळत होता, आणि ते मी त्याच्यावर लादलं होतं, त्याच्याच भल्यासाठी, फार हुशारीनं. आजही मला नवतप्याची धास्ती वाटते ती यामुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी मला हाक मारली. म्हणजे लॅपटॉपनं मारली. विचारलं, "त्यानं बॅटरी किती वाचे?"

"चार मिनिटं," मी म्हणाले.

विसावा. मग अक्षर, मग विसावा. कॉलेजची वेळ होऊन गेली. मी पर्स खांद्याला लावून उभी होते, मग बसले.

"मंग राहू दे तसंच. तुही मेहनत हाये. मी आधी एक रिकामी मारत जाईन."

एका अक्षराला तीन दाब लागणारा, आणि त्या तिन्हींसाठी ताकद गोळा करावी लागणारा माणूस माझ्या चार मिनिटांसाठी चौथा दाब द्यायला तयार होता. मी त्यांचं ऐकलं नाही. त्यानंतर ते तीन महिने बोलले, अगदी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी गल्लीतल्या पोरांचे लाकडी बैल बघून शेरे मारण्यापर्यंत. पोळ्यानंतर दहा दिवसांनी गेले.

काल मी पातळाची गाठ सोडली. लॅपटॉप चालू झाला. कारभारी तोच, मी बांधलेला. लाकडी पट्टी काढून आमच्याकडे ठेवली आणि उमरेडच्या त्या अंगठ्यासाठी माउसचं बटण एका मऊ कापडी गादीवर बसवलं. मग तपासायला बसले. गादीवर अंगठा ठेवला आणि हलले नाही. आई सोफ्यावरून बघत होती. अर्धं मिनिट गेलं, मिनिट गेलं, दोन गेली. कूलरचा आवाज, ओल्या वाळ्याचा वास. अंगठा शिवशिवत होता. चाळीस वर्षांची सवय आहे.

"काहून थांबली?" आई म्हणाली. "एक रिकामी मार ना."

"नाही आई," मी म्हणाले. "त्यांची पहिलीच ऐकू आली पाहिजे."

आणि मग मी एकदाच दाबलं. तक्त्याची पहिली ओळ उजळली.